विश्लेषण : सायकलच्या रिममधला 'हूक' काढला आणि जगभर वाद पेटला, हूकलेस रिम खरंच धोकादायक आहेत का?

फेब्रुवारी २०२४. संयुक्त अरब अमिरातीत 'यूएई टूर' ही व्यावसायिक सायकल शर्यत सुरू होती. बेल्जियमचा अनुभवी सायकलपटू थॉमस डे गेंट सपाट, सरळ रस्त्यावर अचानक कोसळला. अपघातानंतर त्याच्या सायकलचे फोटो व्हायरल झाले. त्यात पुढच्या चाकाचा टायर रिममधून सुटलेला स्पष्ट दिसत होता.

सायकल शर्यतीत पडणं ही रोजची गोष्ट आहे. पंक्चरही रोज होतात. पण पंक्चर झालं तरी टायर रिमवरच राहतो आणि सायकलपटू हळूहळू वेग कमी करून बाजूला थांबतो, अशी सगळ्यांची अपेक्षा असते. टायरच निघाला तर सायकलपटूच्या हातात काहीच उरत नाही.

त्यामुळे त्या फोटोंनंतर चर्चा डे गेंटवर न राहता त्याच्या चाकावर गेली. हे चाक होतं 'हूकलेस' रिमचं. व्यावसायिक सायकलपटूंची संघटना असलेल्या 'सीपीए'चे अध्यक्ष ॲडम हॅन्सन यांनी अशा रिमला उघड विरोध केला. सायकलिंगची जागतिक संघटना 'यूसीआय'नेही या प्रश्नाचा तातडीने अभ्यास करत असल्याचं सांगितलं.

पण हा हूक म्हणजे नेमकं काय? तो काढला कुणी आणि का? आणि पुण्या-मुंबईत रोड बाईक चालवणाऱ्यांनी याची काळजी करायची का? समजून घेऊ.

हूक म्हणजे काय?

सायकलच्या टायरच्या दोन्ही कडांना आतून एक घट्ट, न ताणणारी कडी असते. तिला 'बीड' म्हणतात. साध्या टायरमध्ये ती स्टीलच्या तारेची असते, महागड्या टायरमध्ये मजबूत धाग्यांची. टायर रिमवर बसतो तो या बीडच्या जोरावर.

नेहमीच्या रोड बाईकची रिम आडवी कापून पाहिली, तर तिच्या दोन्ही भिंतींच्या टोकाला आतल्या बाजूला छोटासा वळलेला ओठ दिसतो. हाच हूक. टायरमध्ये हवा भरली की बीड बाहेरच्या बाजूला ढकलला जातो आणि या ओठाखाली अडकून बसतो. हवा जितकी जास्त, तितकी पकड घट्ट.

हूकलेस रिममध्ये हा ओठच नसतो. भिंत सरळ उभी असते. मग टायर कशावर टिकतो? बीड न ताणण्यावर आणि बीड-रिमच्या नेमक्या मापावर. बीड रिमच्या बैठकीवर इतका घट्ट बसतो की भिंत ओलांडून वर चढायला त्याला जागाच मिळत नाही. म्हणजे हूकवाल्या रिममध्ये पकडणाऱ्या दोन गोष्टी असतात, घट्ट माप आणि हूक. हूकलेसमध्ये एकच उरते.

यात नवीन काय? कारच्या चाकालाही हूक नसतो

हूकलेसच्या समर्थकांचा हा सर्वात आवडता युक्तिवाद आहे आणि तो खराही आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मोटारींच्या रिमलाही टायर पकडणारे हूक असायचे. पुढे मोटारींनी ते सोडले. आज कार, मोटरसायकल आणि बहुतेक महागड्या माउंटन बाईकही हूकशिवाय धावतात. आपल्याकडच्या जुन्या काळ्या सायकलींच्या रिमलाही टायर पकडून ठेवणारा असा हूक नव्हता.

पण या तुलनेत एक आकडा गाळला जातो. तो म्हणजे हवेचा दाब.

कारच्या टायरमध्ये साधारण ३० ते ३५ पीएसआय हवा असते. माउंटन बाईकमध्ये २० ते ३०. रोड बाईकचा टायर मात्र अरुंद असतो आणि त्यात ६० ते १०० पीएसआय हवा भरली जाते. रोड बाईकसाठी हूक सर्रास वापरात आले ते मुळात या जास्त दाबामुळेच.

दाबाने नेमका किती फरक पडतो? एक ढोबळ हिशेब करू. २८ मिलिमीटर रुंद टायरमध्ये ७२ पीएसआय हवा असेल, तर टायरचं कापड रिमच्या प्रत्येक कडेवर दर सेंटिमीटरला साधारण ७ किलोच्या जोराने ओढलं जातं. त्याच टायरमध्ये १०० पीएसआय हवा भरली, तर हा जोर १० किलोच्या जवळ जातो. कारमध्ये मूळ दाब कमी असतोच, शिवाय टायरची कड जाडजूड आणि कडक असते. रोड बाईकचा टायर त्यामानाने कागदासारखा.

मग कंपन्यांनी हूक काढला कशासाठी?

याची सुरुवात टायर रुंद होण्यापासून झाली. साधारण २० वर्षांपूर्वी शर्यतीत २३ मिमीचे टायर आणि ११० पीएसआयच्या आसपास हवा असायची. अरुंद आणि दगडासारखा कडक टायर जास्त वेगवान, असा समज होता. नंतर लक्षात आलं की प्रत्यक्षातल्या खडबडीत रस्त्यावर फार कडक टायर उसळतो आणि त्यात ऊर्जा वाया जाते. आता शर्यतीत २८, ३०, अगदी ३२ मिमीचे टायर आणि ५० ते ७० पीएसआय हवा ही सामान्य गोष्ट आहे.

त्याच काळात डिस्क ब्रेक आले. ब्रेक रिमवर घासायची गरज संपली आणि रिमला हवा तो आकार देणं शक्य झालं. रिमही रुंद होऊ लागल्या.

दाब कमी झाला, तर हूक हवाच कशाला? झिप, एन्व्ही आणि जायंटचा ब्रँड असलेल्या केडेक्स यांनी हा मार्ग धरला. त्यांचे मुख्य मुद्दे असे आहेत :

- कार्बनची रिम साच्यात बनते. हूकचा बारीक वळलेला आकार साच्यात घडवणं किचकट असतं. सरळ भिंत पक्क्या धातूच्या साच्यात अचूक बनते.
- हूक नसल्याने भिंत जाड आणि बोथट ठेवता येते. खड्ड्यात आदळल्यावर ती कमी तुटते आणि टायरही कमी कापला जातो.
- टायर आणि रिम एकाच रेषेत येतात, त्यामुळे हवेचा अडथळा कमी होतो.
- उत्पादनात वाया जाणारा माल कमी होतो आणि खर्च घटतो.

शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. झिपने २०२० मध्ये '३०३ एस' ही हूकलेस चाकांची जोडी सुमारे १,३०० डॉलरला आणली. नावाजलेल्या कंपनीच्या कार्बन चाकांसाठी ही किंमत तेव्हा कमी मानली गेली. म्हणजे फायदा काही प्रमाणात ग्राहकालाही मिळाला. पण टीकाकार विचारतात, हूकलेसची सर्व चाकं स्वस्त झाली का? बऱ्याच महागड्या मॉडेल्सच्या किमती होत्या तिथेच राहिल्या. उत्पादनातली बचत कंपनीकडे आणि जोखीम मात्र सायकलस्वाराकडे, असा हा आक्षेप आहे.

दुसरीकडे शिमानो, डीटी स्विस, कॅम्पॅग्नोलो यांसारख्या मोठ्या कंपन्यांनी रोड बाईकच्या चाकांमध्ये हूक कायम ठेवला. एकाच उद्योगातल्या तज्ज्ञ कंपन्या दोन वेगळ्या निष्कर्षांवर येतात, तेव्हा ग्राहकाच्या मनात शंका येणं साहजिक आहे.

नियम काय सांगतात?

टायर आणि रिमच्या मापांसाठी 'आयएसओ ५७७५' हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. युरोपात टायर-रिम उद्योगाची 'ईटीआरटीओ' ही संस्था शिफारशी ठरवते. हूकलेस रोड रिमसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत.

पहिली, हवेचा दाब. कमाल मर्यादा ५ बार, म्हणजे ७२.५ पीएसआय. टायरवर कितीही मोठा आकडा छापलेला असो, हूकलेस रिमवर तो चालत नाही.

दुसरी, रुंदी. रिमची आतली रुंदी २५ मिमी असेल, तर अद्ययावत शिफारशीनुसार टायर किमान २९ मिमीचा हवा. रुंद रिमवर अरुंद टायर ताणून बसवला की त्याच्या भिंती जवळजवळ उभ्या होतात, बीडवरचा ताण वेगळ्या कोनातून येतो आणि खड्ड्यात रिमच्या कडेला पुरेसं रबराचं संरक्षण मिळत नाही.

आता डे गेंटच्या चाकाकडे परत जाऊ. त्याची रिम आतून २५ मिमी होती आणि टायर २८ मिमीचा. फरक फक्त १ मिमीचा. आणि ही जोडी तेव्हा अनेक जण वापरत होते.

टायर बनवणाऱ्या व्हिटोरिया कंपनीने नंतर स्पष्टीकरण दिलं. चाक दगडासारख्या वस्तूवर आदळलं, रिमचं नुकसान झालं आणि त्यामुळे टायर निघाला, असं कंपनीचं म्हणणं होतं. हे खरं मानलं तर हूकवाली रिमही तुटू शकली असती. हूकवाल्या रिमवरून टायर निघाल्याच्या घटनाही घडलेल्या आहेत. त्यामुळे एका अपघातावरून सगळं तंत्रज्ञान दोषी ठरवता येत नाही.

पण या स्पष्टीकरणाने मूळ प्रश्नाचं उत्तर मिळत नाही. रस्त्यावर दगड असणारच. खड्डे असणारच. एक दणका बसल्यावर टायर जागेवर राहावा यासाठी डिझाइनमध्ये किती राखीव जागा ठेवली आहे, हा खरा प्रश्न आहे.

खरा धोका कुठे आहे?

अभियांत्रिकीत या राखीव जागेला सुरक्षेची मर्यादा म्हणतात. लिफ्टवर '८ माणसं' लिहिलेलं असतं आणि नववा चढला तरी लगेच ती कोसळत नाही, कारण बनवणाऱ्याने माणूस चुकणार हे गृहीत धरलेलं असतं. हूक हे काम करायचा. पंपाच्या काट्याने थोडी चूक केली, हवा १० पीएसआय जास्त गेली, टायर थोडा सैल निघाला, तरी हूक सांभाळून घ्यायचा.

हूकलेसमध्ये ही माफी कमी होते. तिथे सुरक्षेचा बराच भाग रिममधून निघून कंपनीच्या वेबसाइटवरच्या तक्त्यात गेला आहे. कोणता टायर, किती रुंद, किती दाब, कोणत्या रिमवर, हे सगळं सायकलस्वाराने वाचायचं, समजून घ्यायचं आणि दरवेळी पाळायचं. आणि हे तक्ते सोपे नाहीत. एकाच जोडीला एक कंपनी 'चालेल' म्हणते आणि दुसरी 'चालणार नाही', असंही होतं.

एक उदाहरण पाहा. काँटिनेंटलचा 'ग्रँड प्री ५०००' हा रोड बाईकवरच्या सर्वात लोकप्रिय टायरपैकी एक. याच नावाचे तीन प्रकार बाजारात आले. साधा ट्यूबवाला, 'टीएल' आणि 'एस टीआर'. यातला 'टीएल' ट्यूबलेस असूनही हूकलेस रिमसाठी नाही. २०२१ मध्ये आलेल्या 'एस टीआर'ला मात्र हूकलेसची मान्यता आहे. नाव जवळपास सारखं, रंग सारखा, आणि फरक दोन अक्षरांचा. जुना साठा स्वस्तात विकणाऱ्या दुकानातून ऑनलाइन ऑर्डर करताना किती जण ही अक्षरं वाचतात?

व्यावसायिक संघाकडे हे सगळं तपासायला पगारी मेकॅनिक असतात. तिथेही १ मिमीची तफावत सर्रास चालत होती. मग घरी स्वतः टायर बदलणाऱ्याचं काय?

याची दुसरी बाजूही बघायला हवी. तादेय पोगाचारने २०२४ मध्ये जिरो आणि टूर द फ्रान्स या दोन्ही मोठ्या शर्यती जिंकल्या, तेव्हा त्याचा संघ एन्व्हीची हूकलेस चाकं वापरत होता. आल्प्सच्या उतारांवर ताशी ८० किमीपेक्षा जास्त वेगाने ही चाकं हजारो किलोमीटर धावली आहेत. योग्य टायर, योग्य दाब आणि जाणकार हात असतील, तर हूकलेस चालतं याचा हा मोठा पुरावा आहे. वाद 'चालतं का' याचा नाही. चूक झाली तर काय होतं, याचा आहे.

यूसीआयने काय केलं?

२०२४ च्या गदारोळानंतर हूकलेसवर सरसकट बंदी येईल असं अनेकांना वाटलं होतं. तशी बंदी आली नाही. बंदी घालणं सोपंही नाही, कारण चाकं बनवणाऱ्या कंपन्याच अनेक संघांच्या प्रायोजक असतात आणि हंगामाच्या मध्यात संघाची सगळी चाकं बदलणं म्हणजे मोठा खर्च.

रिमच्या दुसऱ्या एका मुद्द्यावर मात्र यूसीआयने नियम केला. रिम जितकी उंच, तितका बाजूच्या वाऱ्याचा धक्का जास्त. त्यामुळे २०२६ पासून सामूहिक रोड शर्यतीत रिमची उंची जास्तीत जास्त ६५ मिमी असावी, असं २०२५ मध्ये जाहीर करण्यात आलं. म्हणजे डिझाइनला सुरक्षेसाठी लगाम घालण्याचा अधिकार संघटनेकडे आहे आणि ती तो वापरतेही. हूकच्या बाबतीत मात्र जबाबदारी अजूनही मुख्यतः कंपन्यांच्या तक्त्यांवर आणि वापरणाऱ्यांवर आहे.

आपल्याकडे याचा काय संबंध?

काही वर्षांपूर्वी हा प्रश्न आपल्याला परका वाटला असता. आता नाही. जानेवारी २०२६ मध्ये 'पुणे ग्रँड टूर' ही यूसीआयच्या कॅलेंडरवरची शर्यत महाराष्ट्रात झाली. पुणे ते गोवा 'डेक्कन क्लिफहँगर'सारख्या लांब पल्ल्याच्या शर्यती, २०० ते ६०० किमीच्या ब्रेव्हे आणि शनिवार-रविवारच्या घाटातल्या राइड्स यामुळे कार्बन चाकांच्या सायकली आपल्या रस्त्यांवर रोज दिसतात. काही सायकलींवर हूकलेस चाकं कारखान्यातूनच बसवून येतात. सायकल निवडताना ग्राहक गिअर आणि वजन विचारतो, रिमला हूक आहे का हे फार थोडे विचारतात.

आपल्याकडच्या तीन सवयी इथे अडचणीच्या ठरतात.

पहिली, हवा 'टाइट' भरण्याची. जुन्या रोड बाईकवर १०० पीएसआय भरायची सवय असलेला माणूस नव्या चाकातही तेवढीच भरतो. काही जण पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरवर अंगठ्याने दाबून अंदाज घेतात. हूकवाल्या रिमवर हे खपून जायचं. हूकलेसवर १०० पीएसआय म्हणजे मर्यादेच्या जवळपास ३८ टक्के वर.

दुसरी, उन्हात उभ्या गाडीत सायकल ठेवण्याची. सकाळी २५ अंश तापमानात ७० पीएसआय भरलेला टायर बंद गाडीत ५५ अंशांपर्यंत तापला, तर दाब साधारण ७८ पीएसआयपर्यंत जातो. म्हणजे हवा भरताना मर्यादेत असलेला टायर दुपारी मर्यादेबाहेर गेलेला असू शकतो.

तिसरी, वजन लक्षात न घेण्याची. ९० किलोच्या माणसाला अरुंद टायरमध्ये जास्त हवा लागते, नाहीतर खड्ड्यात रिम आपटते. हूकलेसमध्ये हवा वाढवायला वाव नाही. त्याला टायरच रुंद घ्यावा लागतो. ३० किंवा ३२ मिमी. आपले रस्ते बघता तसाही हाच शहाणपणाचा पर्याय आहे.

तुमची चाकं हूकलेस असतील तर काय बघायचं?

- टायर काढून रिमच्या आतल्या कडेवरून बोट फिरवा. वळलेला ओठ लागला तर हूक आहे. सरळ, गुळगुळीत भिंत लागली तर हूकलेस.
- रिमवरचे स्टिकर किंवा कोरलेली अक्षरं वाचा. '६२२ x २५ टीएसएस' असं काही असेल, तर 'टीएसएस' म्हणजे सरळ भिंतीची ट्यूबलेस रिम, अर्थात हूकलेस. 'टीसी' असेल तर हूक आहे. यातला २५ हा आकडा रिमच्या आतल्या रुंदीचा.
- टायरवर हूकलेसला मान्यता आहे का ते पाहा. रिमच्या कंपनीचा तक्ता आणि टायरच्या कंपनीचा तक्ता, दोन्ही बघा. दोघांचं एकमत नसेल तर तो टायर वापरू नका.
- आत ट्यूब टाकली तरी टायर हूकलेसला चालणारा आणि ट्यूबलेसच हवा. ट्यूबमुळे टायरची पकड वाढत नाही.
- दाब ७२.५ पीएसआयच्या वर कधीही नेऊ नका. रिमवर यापेक्षा कमी आकडा लिहिला असेल तर तोच पाळा.
- डिजिटल गेज घ्या. पंपाचा काटा जुना झाला की चुकतो.
- जोरात खड्डा बसल्यावर थांबा आणि रिमच्या कडेला तडा गेला आहे का ते तपासा. कार्बनचा तडा वरून केसासारखा दिसतो, आतून मोठा असू शकतो.

आणि नवीन चाकं घ्यायची असतील, तर सरळ प्रश्न स्वतःला विचारा. हूक नसल्याने वाचणारे काही ग्रॅम किंवा काही सेकंद तुमच्या राइडमध्ये मोजता येणार आहेत का? शर्यतीत उतरणाऱ्याला आणि ३० मिमीचे टायर वापरणाऱ्याला कदाचित हो. पण २५ मिमीचे जुने टायर वापरत राहायचे असतील, वजन जास्त असेल किंवा प्रत्येक वेळी तक्ता उघडून बघण्याची तयारी नसेल, तर हूकवाली रिम घेण्यात काहीही मागासलेपण नाही.

हूकलेस रिम म्हणजे फुटणारा बॉम्ब नाही. तसं म्हणणाऱ्या पोस्ट अतिशयोक्ती करतात. पण 'कारलाही हूक नसतो' एवढं सांगून विषय संपवणाऱ्या जाहिरातीही अर्धंच सांगतात. चुका सांभाळून घेणारा एक भाग काढून टाकला, तर त्याची भरपाई काटेकोर मापांनी, सगळ्या कंपन्यांच्या एकाच तक्त्याने आणि दुकानातच स्पष्ट सूचना देऊन व्हायला हवी. तोपर्यंत हे काम सायकलस्वाराच्या डोळ्यांवर आणि त्याच्या गेजवर आहे.